वायुदूतची नोकरी: मामाच्या पासीघाटच्या आठवणी

लोडशीट

आमचा मामा वायुदूतमध्ये होता असं कुठे सांगितलं की पस्तिशीच्या आतली मंडळी हमखास विचारतात, ‘म्हणजे कुरिअर का?’ पन्नाशीपुढचे लोक मात्र सरसावून बसतात आणि डॉर्नियरच्या खिडकीतून काय काय दिसायचं ते सांगायला लागतात. मामा हल्ली मिरजेला आजोळच्या घरीच असतो. या खेपेला गेलोय तर त्याला बोलतं केलं, त्यातलं जमेल तेवढं इथे टाकतो. तो शेजारीच बसलाय. काही विचारलंत तर उत्तर मिळेल, फक्त दुपारी दोन ते चार सोडून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन्ही सरकारी कंपन्यांनी मिळून जानेवारी १९८१ मध्ये वायुदूत काढली. मोठी विमानं जिथे उतरू शकत नाहीत अशी गावं जोडायची, त्यातही आधी ईशान्य भारत, हा हेतू. सुरुवातीला फोकर फ्रेंडशिप आणि ॲव्रो, पुढे १९८४ पासून छोटी डॉर्नियर २२८. भर होता तेव्हा नकाशावर शंभराच्या घरात गावं होती. १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करायचं ठरलं आणि संपलं.

मामा बी.कॉम., टायपिंगची परीक्षा पास, पेपरातली जाहिरात बघून अर्ज केलेला. १९८५ मध्ये ट्रॅफिक असिस्टंट म्हणून लागला. प्रशिक्षण कलकत्त्याला, मग थोडे दिवस गुवाहाटी, आणि तिथून थेट पासीघाट. अरुणाचलात सियांग नदी डोंगरातून बाहेर पडते तिथलं गाव. पुढे हीच नदी आसामात ब्रह्मपुत्रा होते. मिरजेतून निघालेला माणूस तिथे पोचेपर्यंत आठवडा सहज जायचा. इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्या माणसाला अरुणाचलात शिरायला लागणारा परवाना, हातात पडायला वेळ लागला तर त्याहून जास्त.

तिथलं ‘ऑफिस’ म्हणजे पत्र्याची खोली, एक टेबल, तिकिटांचं पुस्तक, शिक्के आणि प्लॅटफॉर्म काटा. धान्याच्या गोदामात असतो तो, लोखंडी वजनं सरकवायचा. मामाच्या मते सगळी नोकरी त्या काट्यावर होती. तिकिटं लिहायची, सामानाला टॅग लावायचे, परमिट तपासायला पोलीस बसायचा त्याच्याशी गोड बोलायचं, ही सगळी वरकड कामं.

कारण असं. डॉर्नियर १९ आसनी, पण ते कागदावर. रिकामं विमान आणि दोन वैमानिक मिळून पावणेचार टनांच्या आसपास, आणि उडताना एकूण वजन सहा टनांच्या आत हवं. राहिले सव्वादोन टन. ७५ किलोचा एक असे १९ प्रवासी धरले तर १,४२५ किलो तिथेच गेले. माणशी दहा किलो सामान म्हणजे आणखी १९०. उरले सहाशे किलो, त्यात इंधन बसवायचं. आकडे मोघम आहेत, पण अंदाज येईल. आता पासीघाटला इंधन मिळत नसे. तिथून विमान आणखी एखाद्या डोंगरातल्या धावपट्टीवर टेकून मग खाली आसामात जायचं, आणि त्या पट्टीवरही इंधन नाही. म्हणजे सगळ्या फेरीचं इंधन आधीच पोटात घेऊन यायचं. तासाला अडीचशे-तीनशे किलो जळतं, वर राखीव वेगळं. सहाशेत ते बसत नाही. मग दोन-तीन माणसं तरी खाली, नाहीतर त्यांचं सामान खाली. कोण राहणार हे पंचवीस वर्षांच्या पोराने ठरवायचं आणि तोंडावर सांगायचं.

म्हणून प्रत्येक प्रवासी काट्यावर उभा राहायचा. बायकांना संकोच वाटायचा, तर मामा आकडा कधी मोठ्याने म्हणायचा नाही. वजनं सरकवायची, काटा स्थिरावला की रकान्यात लिहायचं, ‘पुढे’. सामानाला मर्यादा म्हणून लोक जड वस्तू अंगावर घालून यायचे. एका कंत्राटदाराच्या कोटात नट-बोल्ट होते. माणूस दिसायला किरकोळ आणि काटा शंभराच्या वर! मामाने त्याला नुसतं ‘कोट काढा’ म्हटलं. कोट खुर्चीवर टाकला तर खुर्ची मागे उलटली.

एवढ्यावर थांबतो. पुढचं प्रतिसादांत.

सह्यकडा

भारी! काट्याचा किस्सा वाचून मोठ्याने हसलो. अजून येऊ द्या. मामांना विचारा, विमान येण्याआधी धावपट्टीवर गुरं वगैरे असायची का?

लोडशीट

गुरं नव्हे, मिथुन! तिकडचा तो धिप्पाड बैलासारखा प्राणी. हाकलला तर हलत नाही, आणि एखाद्याला काही झालं तर त्याची भरपाई देता देता नाकी नऊ येतात, कारण तिथे लग्नाचे व्यवहार मिथुन मोजून होतात. मामा सायकलवरून पट्टी बघून यायचा. तिथल्या आदी जमातीचा एक म्हातारा होता, तो मिथुनाला मीठ दाखवत दाखवत बाजूला न्यायचा. विमानाच्या दिवशी मामाच्या खिशात मीठ असायचंच.

खडूस_पुणेकर

लेख चांगला आहे, म्हणून एक जुनी खाज भागवून घेतो. एप्रिल २०२२ मध्ये ॲलायन्स एअरचं डॉर्नियर दिब्रुगड ते पासीघाट उडालं, तेव्हा सगळ्या वाहिन्यांवर ‘भारतात बनलेलं पहिलं प्रवासी विमान’ म्हणून ढोल वाजले. पहिलं कसलं? कानपूरला एचएएलने (हिंदुस्थान एरोनॉटिक्स, विमानं बांधणारी सरकारी कंपनी) परवान्यावर बांधलेली डॉर्नियर वायुदूतकडे ऐंशीच्या दशकातच होती. आणि त्याच्याही आधी, साठच्या दशकाच्या शेवटापासून, कानपूरचीच ॲव्रो इंडियन एअरलाइन्स चालवत होती. आपल्याकडे दर पंचवीस वर्षांनी सगळं पहिल्यांदाच होतं.

अभि७३७

खडूसराव, तपशिलात बरोबर. पण एवढं दामटू नका. २०१७ मध्ये नागरी वापरासाठी प्रमाणपत्र मिळालं ते एचएएलच्या नव्या आवृत्तीला, कॉकपिट बरंच बदललंय. बातमीदारांनी ‘नव्या प्रमाणपत्राचं पहिलं’ असं लिहायला हवं होतं, ते कोण वाचणार.

बाकी डॉर्नियरबद्दल: केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही, त्यामुळे साधारण दहा हजार फुटांच्या खालीच उडायचं. म्हणजे ढगांच्या वर जाऊन निवांत बसणं नाही, पावसाळ्यात जे काही आहे ते त्याच उंचीवर. तेव्हा जीपीएस नाही. नदी धरून जायचं, दरीचं तोंड ओळखायचं. सियांगचं तोंड ढगाने बंद दिसलं की परत फिरायचं. त्या काळी ईशान्येत उडालेल्या वैमानिकांना आमच्या क्षेत्रात वेगळा मान आहे तो उगाच नाही. काकांना विचार, हवामान कोण द्यायचं?

लोडशीट

मामा सांगतोय ते तसंच टाइप करतो:

“हवामान म्हणजे समोरचा डोंगर. वायरलेसवाला विचारायचा, मी दारात जाऊन बघायचो. अमुक झाडांची रांग दिसतेय म्हणजे ढग इतके वर, रांग दिसत नाही म्हणजे येऊ नका. विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, फाटला की नवा येईपर्यंत धोतराच्या कापडाचा शिवून लावायचो. आणि सूर्यास्त! तिकडे हिवाळ्यात साडेचारच्या आत अंधार. पट्टीला दिवे नाहीत. घड्याळ आपलंच, पण दिवस दोन तास आधी संपतो हे मिरजेच्या माणसाच्या अंगवळणी पडायला फार वेळ लागला. दुपारी तीन वाजता माझी चुळबुळ सुरू व्हायची.”

सूर्यास्तावरून एक किस्सा आहे. एक बडे सरकारी अधिकारी, त्यांच्या दोन लोखंडी ट्रंका. त्याच विमानाने एका बाळंतिणीला दिब्रुगडच्या मेडिकल कॉलेजात न्यायचं होतं. सोबत तिची सासू. वजन बसत नव्हतं. साहेब म्हणाले ट्रंका जाणारच. त्यांचं तिकीट ओके, म्हणजे जागा पक्की; बाईचं आरक्यू, म्हणजे जागा मागितलेली पण पक्की नाही. नियमाने साहेबांचीच बाजू. मामा ‘बघतो साहेब, बघतो’ करत वेळ काढत राहिला. अर्ध्या तासाने कॅप्टन खाली उतरून आला, घड्याळ दाखवलं आणि म्हणाला, आता एक तर ट्रंका राहतील नाहीतर आपण सगळेच इथे राहू, जेवायला काय आहे? ट्रंका राहिल्या. मग आठवडाभर पाऊस. ऑफिसचं छत गळत होतं म्हणून मामाने त्या आपल्या खोलीत विटांवर ठेवल्या आणि रोज रात्री उशाशी साहेबांच्या ट्रंका घेऊन झोपला.

मी_नांदेडची

बाळंतिणीचं काय झालं? ते सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लोडशीट

मुलगी झाली. सासू पुढच्या फेरीत संत्री घेऊन आली होती आणि त्यांचंही वजन करावं लागलं.

सह्यकडा

विमान नसतं तर कसं नेलं असतं तिला?

लोडशीट

रस्त्याने घाटापर्यंत, मग फेरीने ब्रह्मपुत्रा ओलांडून दिब्रुगड. पात्र किती रुंद हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पाणी चढलं की फेरी बंद. बोगीबीलचा पूल झाला डिसेंबर २०१८ मध्ये. त्याच्या आधी त्या उत्तर काठाला विमान ही चैन नव्हती, हे मामा दर वेळी ठासून सांगतो. त्याचा राग आहे तो ‘तोट्यातली कंपनी’ एवढ्या एका शब्दात वायुदूत गुंडाळणाऱ्यांवर.

मी_नांदेडची

पण तोटा होताच ना? प्रश्न खोचक वाटेल, पण मनापासून विचारतेय. २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेतली (छोट्या गावांच्या विमानांना सरकारी मदत देणारी) पहिली विमानं सुटली तेव्हा शिमला-दिल्लीबरोबर आमचं नांदेड-हैदराबादही होतं. आम्ही सगळे विमानतळावर बघायला गेलो होतो. मग बंद पडलं, मग पुन्हा सुरू झालं. छोट्या गावाचं विमान असं धरसोडीचंच का असतं?

लोडशीट

मामाचं उत्तर लांब आहे. त्याच्याच शब्दांत:

“ताई, तोटा होताच, नाही कोण म्हणतंय. पण दोन तऱ्हेचे तोटे होते, ते एकाच वहीत लिहिले गेले. पासीघाट, तेझू, झिरो, दापोरिजो इथला तोटा हा रस्ता बांधण्यासारखा खर्च. रस्त्याला कोणी नफा विचारत नाही. सुरुवातीचा वायुदूतचा विचार तोच होता. मग ऐंशीच्या मध्यानंतर देशभर स्टेशनं वाढत गेली. प्रत्येक खासदाराला आपल्या गावात विमान उतरलेलं हवं. जिथे रात्रीची रेल्वे आहे, एसटी आहे, तिथेही आम्ही. ताफ्यात वीस-पंचवीस छोटी विमानं आणि गावं शंभर. एक विमान दुरुस्तीला गेलं की पाच गावांचं वेळापत्रक कोसळणार. एकदा-दोनदा असं झालं की लोक पुन्हा एसटीने. मग लोड नाही म्हणून फेरी कमी, फेरी कमी म्हणून लोड नाही.

एकोणीस खुर्च्यांच्या विमानालाही दोन वैमानिक लागतात, दीडशे खुर्च्यांनाही दोनच. दर माणशी खर्च जास्तच येणार. तो कोणी भरायचा हे आधी ठरवायला हवं होतं. उडानमध्ये ते निदान लिहून ठरवलंय, मदतीच्या रकमेची मुदतही लिहिलीय. मुदत संपली की विमान जातं, तुमच्या नांदेडसारखं. आमच्याकडे मुदतच नव्हती, म्हणून खड्डा दिसायला वेळ लागला.”

यात थोडा पक्षपात आहे, भाचा असूनही सांगतो. मैदानातली गावं वगळली असती तर अरुणाचलची विमानं तरी टिकली असती का, यावर मामा आणि माझे दरवर्षी वाद होतात.

खडूस_पुणेकर

पक्षपात असू दे, मुद्दा बरोबर आहे. एक भर: १९९१-९२ नंतर खासगी कंपन्या आल्या त्या सगळ्या मुंबई-दिल्लीच्या मागे. पासीघाटला कोण जाणार होतं? सरकारी छोटी कंपनी बंद, खासगीला रस नाही, अशी मधली पंचवीस वर्षं कोरडी गेली.

इंदापूरकर

विषय वायुदूतचा म्हणून लिहितो. सप्टेंबर १९८९ मध्ये पुण्याहून हैदराबादला निघालेलं वायुदूतचं डॉर्नियर आमच्या उजनीच्या जलाशयात पडलं. आतले अकराही जण गेले. मी शाळेत होतो. त्यानंतर कितीतरी दिवस धरणावरून एसटी जाताना मोठी माणसं बोलणं थांबवून पाण्याकडे बघायची. धाग्याचा मूड बिघडवायचा नाही, पण आमच्या भागात वायुदूत म्हटलं की पहिलं हेच आठवतं.

लोडशीट

मूड वगैरे काही नाही, लिहिलंत ते बरं केलंत. मामाच्या मनात दुसरी तारीख आहे, १९ ऑक्टोबर १९८८. त्या सकाळी मुंबईहून गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग अहमदाबादला उतरताना पडलं, शंभराहून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी सिलचरहून येणारं वायुदूतचं फोकर गुवाहाटीजवळ पडलं. त्यातले ३४ जण, सगळे.

मामा दसऱ्यासाठी रजेवर मिरजेला आला होता. मी लहान होतो, पण तो दिवस मला दिसतो. आकाशवाणीवर अहमदाबादचं सविस्तर चाललं होतं. सगळं घर ‘अरेरे’ करत ऐकत होतं. शेवटी दोन वाक्यांत गुवाहाटी आली आणि मामा ताटावरून उठला. पोस्टात जाऊन ट्रंककॉल लावून बसला, लागला नाही. आजी म्हणत होती, दसरा करून जा. तो त्याच रात्री निघाला. क्रूमध्ये कोण होतं, त्यातलं कोण ओळखीचं होतं, हे त्याने घरी कधीच सांगितलं नाही. मी आत्ताही विचारलं नाही.

अभि७३७

बरं केलंस.

जरा वेगळं विचारतो. अगत्तीला, म्हणजे लक्षद्वीपला, १९८८ मध्ये धावपट्टी झाली ती डॉर्नियर डोळ्यासमोर ठेवूनच. काका तिकडे गेले होते का कधी?

लोडशीट

नाही. बदली मागितली होती, मिळाली नाही. ‘डोंगर झाले, आता समुद्र बघू’ असा त्याचा विचार होता. पासीघाटनंतर दिब्रुगड आणि मग विलीनीकरण. तो इंडियन एअरलाइन्समध्ये मुंबईला गेला. सांताक्रूझला काउंटरवर संगणक, शेजारी दहा-बारा सहकारी, प्रवाशांची वजनं घ्यायची नाहीत, सरासरी धरायची. पगार वाढला, मुलांच्या शाळा झाल्या, घर झालं. त्या वीस वर्षांबद्दल विचारलं तर मामा दोन मिनिटांत आटपतो.

कोमल_के

छान धागा, एका बैठकीत वाचला. माझा भाऊ आत्ताच एका छोट्या विमानतळावर ग्राउंड स्टाफ म्हणून लागलाय. त्याला वाटतंय मोठ्या शहरात बदली मिळाली तरच काही शिकायला मिळेल. काका काय म्हणतील?

लोडशीट

विचारलं. म्हणतोय: “पहिली दोन वर्षं तिथेच राहू दे. मोठ्या ठिकाणी एक माणूस फक्त बोर्डिंग कार्ड देतो आणि दुसरा फक्त बॅगा मोजतो. छोट्या ठिकाणी सगळं अंगावर पडतं. त्याला सांग, लोड अँड ट्रिम, म्हणजे विमानात वजन किती आणि ते पुढे-मागे कसं वाटलंय याचा हिशोब, शिकून घे, त्याचा रीतसर कोर्स असतो आणि मान्यता मिळते. संगणक गणित करून देतो, पण आकडा चुकीचा टाकला तर तो चुकीचंच गणित बरोबर करून देतो. मागच्या रांगेत चार जड माणसं बसली की विमानाचं नाक कुठे जातं हे त्याला एकदा पेन्सिलने काढून बघू दे. आणि रविवारी फोन कर म्हणावं, मी शिकवतो.”

फोन नंबर इथे टाकत नाही, तुम्हाला व्यक्तिगत निरोप करतो.

अभि७३७

काकांकडे तेव्हाची हाताने भरलेली एखादी ट्रिमशीट, म्हणजे त्या हिशोबाचा तक्ता, आहे का? नव्या मुलांना दाखवायला फार उपयोग होईल. संगणकाआधीचे नमुने आता बघायलाच मिळत नाहीत.

लोडशीट

नाही रे. फाइलच्या प्रती ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायच्या असा नियम होता, आणि मामा नियमाचा पक्का. पासीघाटला थंडीत शेगडी पेटवायला त्याच वापरल्या म्हणतोय. तिकिटाचं एक कोरं पुस्तक मात्र आहे, लाल कार्बनचं. आणि वेळापत्रकाची एक घडी पडलेली पुस्तिका. तिच्यात पासीघाटच्या ओळीवर त्याने पेनाने सूर्यास्ताच्या वेळा लिहिल्यात, महिन्यावार. स्कॅनर मुलीच्या ऑफिसात आहे, सोमवारी टाकतो.